समोरची

जेवताना धंद्याचं बोलायचं नाही, हा या घरातला माझा नियम. त्या रविवारी थोरल्यानं तो ताटं वाढून व्हायच्या आत मोडला. खरं तर त्यानं तोंड उघडण्याआधीच मला कळलं होतं. पोटात काही मावेनासं झालं की त्याचा उजवा पाय हलायला लागतो, लहानपणापासून. आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड, त्यामुळे थोरल्याचा पाय हलला की सगळ्यांच्या पेल्यांतलं पाणी हलतं.

"बोल," मी म्हटलं. "पाणी सांडायच्या आत बोलून टाक."

"सरकारनं किमान वेतन खाली आणलंय, आई. काल पक्कं झालं. छोट्या कारखान्यांसाठी. आपली लाँड्री त्यात बसते."

"किमान म्हणजे सगळ्यात खालचं ना?"

"हो."

"मग त्याच्याही खाली कसं गेलं? तळघर खणलं का कुणी?"

धाकटा हसला. धाकट्याला हसायला फार काही लागत नाही. लाँड्रीची गाडी तो चालवतो, दिवसभर मळक्या गाठोड्यांशिवाय सोबत नसते, त्यामुळे कुणी काही बोललं की आधी हसून घेतो. थोरली सून हसली नाही. तिनं नवऱ्याकडे बघून भुवई जराशी उचलली. म्हणजे दोघं पाठांतर करून आले होते.

"आई, नीट ऐकून तर घ्या," थोरली म्हणाली. ती खाली लाँड्रीत काउंटर सांभाळते. कपडा हरवलेल्या गिऱ्हाइकाशी बोलताना तिचा एक खास आवाज लागतो, मऊ मऊ. तोच आवाज लागला, तेव्हा मी ताट थोडं बाजूला सरकवलं.

बेत असा होता. मोठं इस्पितळ आपल्या चादरी बाहेर धुवायला देणार होतं. आमची लाँड्री आणि कालव्यापलीकडची लाँड्री, दोघांनीही दर सांगायचा होता, आणि सांगायचा दिवस उद्याचा. जुन्या माणसांच्या पगाराला हात लावायचा नाही. पण नवी माणसं घ्यायची ती नव्या, खालच्या पगारावर. त्यातून दर कमी सांगता येईल, दर कमी म्हणून चादरी येतील, चादरी आल्या म्हणून माणसं लागतील.

"दोन माणसांच्या पगारात तीन उभी राहतील," थोरला म्हणाला. "एकाच्या पगारात दीड."

"अर्धा माणूस कोणता घेणार? कमरेच्या वरचा की खालचा?"

"आई, मस्करी नको."

"मी कुठं करतेय. मला उभं करायचंय ना त्याला खाली घडीच्या टेबलाशी."

थोरल्यानं मान वळवून धाकटीकडे पाहिलं. धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, भाजी वाढत होती. "पहिली जागा लंबूची," तो म्हणाला. "मी शब्द देतो."

धाकटीच्या हातातला डाव जागीच थांबला.

लंबू तिचा भाऊ. खोक्यांचा कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेला. घरी बसलेला म्हणणंही बरोबर नाही. तो रोज सकाळी बूट पुसतो, शर्ट खोचतो आणि डबा घेऊन बाहेर पडतो, पोरांना कळू नये म्हणून. बागेत बसून डबा खातो आणि कारखाना सुटायच्या वेळेला परत येतो. हे त्याच्या बायकोनं धाकटीला सांगितलं, धाकटीनं मला. कुठं सांगितलं ते महत्त्वाचं. खाली, चादर धरून उभ्या असताना.

आमच्याकडे मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. इस्त्रीच्या रोलरमधून ती गरम निघाली की दोघी जणी चार कोपरे धरतात, ताणतात, झटकतात, आणि एक जण चालत येऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात देते. दिवसभर हेच. जिच्याशी जोडी असते तिला 'समोरची' म्हणतात. सख्ख्या बहिणीला कळत नाही ते समोरचीला कळतं. समोरची आजारी पडली की बाई म्हणते, आज माझा एक हात आला नाही. आणि घडीचं टेबल मांडलं त्या दिवसापासूनचा माझा एक नियम आहे, समोरासमोरच्या दोघींना पगार सारखा. एकीला कमी दिला की तिच्या बाजूचा ताण कमी होतो. ती मुद्दाम करत नाही, हातच करतात. आणि एका बाजूनं ढिली धरलेल्या चादरीला सुरकुती राहते.

धाकटी सून म्हणून या घरात आली त्याआधी त्याच टेबलाशी कामाला होती. अजूनही असते, पगारावर. माझी समोरची तीच. मी रोज सकाळी खाली उतरून खिडकीच्या बाजूला उभी राहते, आणि माझ्या हातांना या वयातही कुणी नावं ठेवू शकत नाही.

"तू काय म्हणतेस?" मी तिला विचारलं.

तिनं डाव भांड्यात ठेवला. "कमी तर कमी, आई," ती म्हणाली. "रिकाम्या हातांपेक्षा बरं. मी काल वहिनींना तसं सांगितलं."

बरं. या दोघी जावा कधीतरी एका बाजूला याव्यात म्हणून मी वर्षानुवर्षं खपले. आल्या, त्या माझ्या विरुद्ध.

"चादरी तेवढ्याच असल्या तर जास्त माणसं घेऊन करायचं काय?" धाकटा म्हणाला. आपल्याच बायकोच्या विरुद्ध बोलतोय हे त्याच्या मागाहून लक्षात आलं असावं, कारण लगेच त्यानं तोंडात घास कोंबला.

"म्हणूनच इस्पितळ घ्यायचंय ना, भावोजी," थोरली म्हणाली.

"आणि कालव्यापलीकडच्यांना बातम्या कळत नाहीत का?" मी म्हटलं. "तेही कमी करणार. मग आपण आणखी कमी करणार. आणि चादरी किती? इस्पितळात खाटा आहेत तेवढ्याच. पगार खाली गेला म्हणून आजारी माणूस अंगाखाली दोन चादरी घालणार आहे का?"

"आणि आपण कमी केला नाही, त्यांनी केला तर?" थोरल्याचा आवाज चढला. "इस्पितळ तर जाईलच. उद्या डोळ्यांचा दवाखाना जाईल, लॉज जातील. मग ज्यांचा पगार तू धरून बसली आहेस, त्यांनाच घरी पाठवावं लागेल. तेव्हा तुझा नियम कोणत्या टेबलावर मांडणार?"

हे काही खोटं नव्हतं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण तो आणखी पेटला.

थोरल्याचं मन मला त्या दिवशी कळलं ते सांगते, नाहीतर तो नुसता हिशेबी वाटेल. तसा तो नाही. लाँड्रीचं फाटक उघडायचं काम त्याचं. सकाळी तो कुलूप काढतो तेव्हा बाहेर दोघं-चौघं उभे असतात, काम आहे का विचारायला. मी मागच्या जिन्यानं थेट टेबलाशी जाते, धाकटा गाडी घेऊन बाहेर पडतो, थोरली दुकान उघडायच्या वेळेला येते. त्या माणसांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणायचं काम एकट्या थोरल्याचं.

"माझ्याकडे या कधीतरी फाटकाशी," तो म्हणाला. ते 'या' अहो-जाहोचं नव्हतं, माझ्या एकटीसाठीही नव्हतं, सगळ्यांनाच होतं. "एक बाई रोज येते. पायात एकाच जोडीच्या दोन चपला नसतात. तिला मी काय सांगू? पगार इतका चांगला आहे, की तुला देता येत नाही?"

थोरलीनं त्याच्या हातावर हात ठेवला. मऊ आवाज नव्हता, काही नव्हतं. नुसता हात. मला ती त्या क्षणी आवडली, पण ते तिला सांगायची ती वेळ नव्हती.

"लंबू कुठे आहे?" मी विचारलं.

पेल्यातलं पाणी हललं.

"खाली आहे," थोरला म्हणाला. "मी बोलावलंय. तू हो म्हणालीस तर लगेच सांगता येईल म्हणून."

"आणि नाही म्हणाले तर जिन्यावरून तसाच परत पाठवणार होतास? बोलाव वर. आणि त्याचं ताट वाढा."

लंबू वर आला तो दाराच्या चौकटीखालून मान वाकवून. बूट इतके चकचकीत, की ते दाराबाहेर काढून ठेवायलाही बिचकला. बसला, ताटाकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"मावशी, माझं जेवण झालंय."

"बागेत?"

त्याचे कान लाल झाले. धाकटी माझ्यावर डोळे काढत होती. मला तिखट बोलायची सवय आहे, आणि ती कधीकधी नको तिथं सुटते.

"जेव," मी म्हटलं. "आणि सांग. टेबलावर जागा आहे. पगार समोरच्याहून कमी. घेशील?"

"घेईन."

"विचार न करता?"

"विचार करूनच, मावशी. बागेत दुसरं काय करतो?" पहिला घास त्यानं घेतला. "तुम्ही म्हणाल त्याच्याहूनही कमी घेईन. मला जायला जागा पाहिजे."

थोरल्यानं माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं नव्हे, तेवढा तो हलका नाही. पण बघितलं.

"आणि तुझ्यानंतर आणखी कमी घेणारा आला तर?" मी विचारलं.

लंबू चावायचा थांबला. "खोक्यांच्या कारखान्यात तसंच झालं होतं. आधी नव्यांना कमी. मग आम्हा जुन्यांना म्हणाले, ते करतात एवढ्यात, तुम्हाला काय झालं."

"आणि मग माणसं वाढली का?" धाकट्यानं विचारलं.

"थोडे दिवस वाढली. खोकी नाही वाढली."

"तो कारखाना वेगळ्या कारणानं बुडाला," थोरली म्हणाली.

"असेल, वहिनी. मला आतलं माहीत नाही. मी नुसता खोकी चिकटवत होतो."

मी म्हटलं, "ऐकलंत? समोरासमोर दोन पगार लावले की वरचा पगार खाली ओढला जातो. खालचा वर जात नाही. माझ्या टेबलावर हे होणार नाही."

आणि तेव्हा थोरल्यानं ते वाक्य टाकलं. पाठांतरातलं नव्हतं ते, तिथंच सुचलेलं होतं.

"तुझ्या टेबलावर हे कधीचंच चाललंय, आई. तू काहीच घेत नाहीस. फुकट उभी राहतेस. धाकटीला पूर्ण पगार आणि समोर तुला शून्य. कुठं वाकडी गेली चादर?"

मालकिणीला पगार कसला, हे मी स्वतःला सांगत आले होते, आणि अभिमानानं. घरात सगळ्यांना पगार मिळतो. थोरल्याला मिळतो, धाकट्याला मिळतो, सुनांना तर मी हट्टानं चालू केला. मला मात्र एक छदाम नको, हे मी चारचौघांत ऐकवत असे. ते ऐकवायला मला आवडत असे.

"बघ," थोरला म्हणाला, जरा नरम होऊन. "म्हणजे पगारानं ताण ठरत नाही. तू शून्यावर ताणतेसच ना."

उत्तर दुसरीकडूनच आलं.

"चादर नाही गेली वाकडी, दादा," धाकटी म्हणाली. ती थोरल्याला दादाच म्हणते. "पण फुकटात माणूस मिळाला म्हणून टेबल कुठं वाढलं? एवढा कमी पगार तर कोणतंच सरकार लावणार नाही. त्यानं चार माणसं जास्त लागली का आपल्याकडे? एक जागा भरली, एवढंच झालं." तिनं पदराला हात पुसले. माझ्याकडे बघणं तिला जड जात होतं, पण तिनं बघितलं. "त्या जागेवर माझा भाऊ उभा राहिला असता, आई. रोज सकाळी मी चादर धरते आणि समोर तुम्हाला बघते, आणि हेच मनात येतं. बोलले नाही कधी."

पेल्यांतलं पाणी थांबलं. थोरल्याचा पायसुद्धा.

ती टेबलावर माझ्याशी सगळं बोलायची. भावाचे बूट, भावाचा डबा, बागेतला बाक. आणि हे एक मधल्या चादरीआड ठेवून बोलायची. मला वाटायचं, मी ऐकतेय.

"काल तू वहिनीला हो म्हणालीस," मी म्हटलं.

"म्हणाले. कारण पूर्ण पगाराची जागा मागायची तर ती तुमचीच मागावी लागली असती. तुमच्या हातातून चादर कोण मागणार? त्यापेक्षा भावाला कमी मिळालेला परवडला."

धाकटा म्हणाला, "अगं, हळू."

"हळूच बोलतेय."

खरंच हळू बोलत होती. मला राग आला. तो जायला थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी माझे हात बघत बसले. वाफेनं बोटांची कातडी कधीच जाड झालीय, गरम चादरीचा चटका बसत नाही. हे हात कुणाच्या आड येत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"ऊठ," मी लंबूला म्हटलं. "खाली चल. सगळेच चला."

"जेवण?" थोरली म्हणाली.

"झाकून ठेव."

रविवारी बॉयलर बंद असतो, खालचा मजला गार आणि मुका वाटतो. रोलरला हात लावला तरी काही होत नाही. शनिवारच्या काही चादरी टोपलीत तशाच राहिल्या होत्या, डोळ्यांच्या दवाखान्याच्या. मी लंबूला खिडकीच्या बाजूला उभं केलं, माझ्या जागेवर. जमीन तिथं थोडी गुळगुळीत झाली आहे. धाकटी समोर गेली.

"धर."

त्यानं कोपरे धरले. तो एवढा उंच, की चादर त्याच्याकडून तिच्याकडे घसरगुंडीसारखी उतरली. धाकटा पुन्हा हसला. लंबूनं गुडघे वाकवले, धाकटीनं हात वर घेतले, तेव्हा कुठं ती सपाट झाली. झटकली. मधोमध एक सुरकुती तशीच राहिली.

"पुन्हा," मी म्हटलं. "ताण. ती ओढते तेवढंच ओढ. जास्तही नको, ती बहीण आहे, बैल नाही."

दुसऱ्यांदा चादर फटकन वाजली. ज्यांनी हे काम केलंय त्यांना तो आवाज माहीत असतो.

"याला टेबलाचा पगार," मी थोरल्याला म्हटलं. "धाकटीएवढाच. उद्यापासून मी तिथं नाही."

"आणि तो पगार आणायचा कुठून?"

"त्या जागेचं काम रोज होत होतं, पगार कुणाला जात नव्हता. तो आजवर नफा म्हणून मोजलात. आता पगार म्हणून मोजा. तुमच्या दोघांच्या वाट्यात जरा कमी येईल."

थोरलीनं नवऱ्याकडे बघून पुन्हा भुवई उचलली.

"एकाचं झालं," थोरला म्हणाला. तो हट्टी आहे, कुणाचा ते सांगायला नको. "फाटकाशी उभे असतात त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी चादरी पाहिजेत. तू बरोबर बोललास, इस्पितळ पाहिजेच. उद्या आपण दोघं जाऊ. दर खरा सांगायचा, या पगाराचा. आणि ही चादर बरोबर घ्यायची."

"दाखवायला? चादर बघून कोण दर वाढवून देतं, आई?"

"तुझे वडील शेवटी किती दिवस पडून होते, आठवतंय ना?" मी म्हटलं. "पाठीखाली एक सुरकुती राहिली तर दुसऱ्या दिवशी तिथं कातडी लाल व्हायची. तिसऱ्या दिवशी फाटायची. मी रात्रंदिवस ती चादर ताणत बसायचे. इस्पितळातल्या नर्सना हे शिकवावं लागत नाही. त्यांना फक्त विचारायचं, कालव्यापलीकडे चादर धरणाऱ्या दोघींना किती मिळतं, आणि ती चादर कशी येते. दोन्हीकडच्या चादरी शेजारी अंथरून बघा म्हणायचं."

थोरला चादरीकडे बघत राहिला. त्याच्या बापाच्या पाठीला मलम लावायला तोही असायचा.

"आणि तरी नाही म्हणाले तर?"

"तर दुसरं इस्पितळ. निवासी शाळा, वसतिगृह, जिथं माणसं झोपतात तिथं. पण स्वस्तात माणसं विकून चादरी आणायच्या नाहीत. एवढं ठरलं."

धाकटी आणि लंबू तिसरी चादर घेत होते. कुणी सांगितलं नव्हतं. लंबू पुढे चालत आला, बहिणीच्या हातात कोपरे दिले, आणि ती त्याच्या कानात काहीतरी बोलली. त्याला हसू आलं. मला ऐकू आलं नाही. यापुढे त्या टेबलावरचं मला ऐकू येणार नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं, आणि जरा लागलं. लागू दे.

"मग तू काय करणार दिवसभर?" थोरल्यानं विचारलं. "वर बसून आम्हाला बोलणार?"

"ते तर करणारच. पण सकाळी फाटकाची किल्ली माझ्याकडे दे. माणसांना नाही म्हणायचं काम आता माझं. तू हो म्हणायची सोय कर."

त्यानं खिशात हात घालून किल्ली चाचपली, आणि तिथंच धरून ठेवली. इतकी वर्षं रोज सकाळी एकट्यानं उचललेली वस्तू अशी पटकन देता येत नाही.

"फुकट?" त्यानं विचारलं. डोळे चादरीवरच होते. "फाटकाशी पण फुकटच उभी राहणार?"

"नाही," मी म्हटलं, आणि हात पुढे केला. "तुझ्याएवढाच पगार घेणार. समोरची आहे मी तुझी."